स्टड गेला तरी चालेल, आटे राहिले पाहिजेत

थंड इंजिन सुरू केल्यावर बॉनेटखालून टिकटिक येत असेल आणि गाडी तापली की ती आपोआप बंद होत असेल, तर भेटेल तो माणूस ‘टॅपेट सेट करून घ्या’ एवढंच सांगतो. आमच्या 1998 च्या जिप्सी किंगचे टॅपेट त्याप्रमाणे सेट झाले. टिकटिक होती तिथेच राहिली. भरीला सिग्नलला थांबलं की गाडीत धुराचा वास यायला लागला आणि उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की सायलेन्सरमधून फट्‌फट् बार निघायला लागले. ही तिन्ही लक्षणं एकत्र दिसली की टॅपेट विसरायचे आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डकडे, म्हणजे सगळ्या सिलिंडरचा धूर गोळा करून सायलेन्सरच्या पाइपात सोडणाऱ्या भागाकडे बघायचं.

मॅनिफोल्ड आणि सिलिंडर हेड यांच्यामधलं पॅकिंग उडालं किंवा तिथला एखादा स्टड (एक टोक हेडमध्ये, दुसऱ्यावर नट, असा बिनडोक्याचा बोल्ट) तुटला की फट पडते. थंड असताना प्रत्येक स्ट्रोकला त्या फटीतून गॅस बाहेर फुसकतो, तीच ती टिकटिक. तापल्यावर बीडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा मॅनिफोल्ड फुगतो, फट जवळजवळ मिटते आणि आवाज जातो. एक्झॉस्टमधला दाब सलग नसतो, तो लाटांनी येतो. दोन लाटांच्या मधे पाइपात दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो आणि त्याच फटीतून ताजी हवा आत ओढली जाते. न जळलेलं पेट्रोल त्या हवेत पेटतं, म्हणून ते बार. वासाचं मात्र गमतीत घेण्यासारखं नाही. कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो. आपल्याला येतो तो सोबतच्या धुराचा, म्हणजे धुराचा वास आत येतोय तर मोनॉक्साइडही येतोयच. फायरवॉलमधले, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातले रबरी ग्रोमेट पंचवीस वर्षांत कडक होऊन चिरलेले. शेजारच्या सीटवर बसलं की आईचं डोकं दुखायला लागलं, तेव्हा माझी चालढकल संपली.

गळती नेमकी कुठे आहे ते शोधायची एक सोपी युक्ती आहे. गाडी पूर्ण थंड असताना घरातला व्हॅक्युम क्लीनर ब्लोअरवर लावून त्याची नळी सायलेन्सरच्या तोंडात फडकं गुंडाळून खोचायची आणि मॅनिफोल्डच्या सांध्यांवर साबणाचं पाणी मारायचं. जिथे बुडबुडे, तिथे फट. आमच्याकडे दोन्ही टोकांना बुडबुडे आले: पहिल्या सिलिंडरपाशी आणि फायरवॉलजवळच्या चौथ्यापाशी. चौथ्यापाशी तर करड्या रंगाच्या पेस्टचा जाड थर होता. कुणीतरी कधीतरी ‘लेप’ लावून गाडी वाटेला लावली होती. ही उष्णता सोसणारी पेस्ट पाइपाच्या जोडाला ठीक असते, पण तुटलेल्या स्टडची जागा ती कशी घेणार? काजळी तिला फोडून बाहेर आली होती.

टोकाचेच स्टड का जातात याचं गणित करून बघण्यासारखं आहे. जिप्सीच्या जी-13 इंजिनचं हेड ॲल्युमिनियमचं, मॅनिफोल्ड बीडाचा. ॲल्युमिनियम एका अंशाला मीटरमागे साधारण 23 मायक्रॉन वाढतं, बीड 11 च्या आसपास. यावरून हेड जास्त वाढत असेल असं वाटतं, पण हेडला पाण्याचं कूलिंग असतं, ते शंभर अंशांच्या आसपास राहतं. मॅनिफोल्ड मात्र चारशे-पाचशे अंशांवर जातो. समजा 35 सेंटिमीटरचा मॅनिफोल्ड साडेचारशे अंशांनी तापला, तर तो सुमारे 1.7 मिलिमीटर वाढतो. हेड तेवढ्याच लांबीत 0.6. उरलेला फरक दोन टोकांत वाटला तर प्रत्येक टोकाला अर्ध्या मिलिमीटरच्या वर. मधल्या स्टडना हे जाणवतही नाही, टोकाचे मात्र गाडी तापेल-निवेल तसे प्रत्येक वेळी वाकतात. त्यावर आपली मुंबई: समुद्राची खारी हवा आणि पावसाळ्यातल्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस. गंज लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो, त्यामुळे नटाच्या आट्यांत तो फुगून बसतो. खाली ॲल्युमिनियमच्या भोकात पोलादाचा स्टड आणि मधे खारट ओल, म्हणजे तिथे पांढरी भुकटी धरते आणि तीही स्टडला आवळते.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक काका राहतात, मध्य रेल्वेच्या परळ वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले. मी बॉनेट उघडून रिंग पान्याला लावायला पाइप शोधत होते तेव्हा ते हातात दुधाची पिशवी घेऊन शेजारी येऊन उभे राहिले.

“काय काढतेयस?”

“मॅनिफोल्ड, काका. नट हलत नाहीत. पाइप लावून बघते.”

“बघ की. तुटेल. मग मला हाक मारू नकोस.” पिशवी त्यांनी बोनेटच्या कडेला ठेवली आणि वाकून बघितलं. “अगं, हा नट आणि हा स्टड असे दोन राहिलेच नाहीत आता. एकच तुकडा झालाय. तू नट फिरवशील आणि फिरेल तो स्टड, तोही वरचा निम्मा.”

त्यांचं म्हणणं आकड्यांत खरं आहे. या नटांचा टॉर्क, म्हणजे आवळायचा पीळ, 18 ते 28 न्यूटन-मीटर. आठ एमएमचा, 8.8 ग्रेडचा (हा पोलादाच्या मजबुतीचा आकडा) अगदी नवा स्टडसुद्धा चाळिशीच्या आत-बाहेर पिळवटून तुटू शकतो. दोन फुटी पाइपाच्या टोकाला नुसता दहा किलोंचा जोर दिला तरी साठ न्यूटन-मीटर होतात. म्हणजे पाइप लावला तेव्हाच निकाल लागला. गंजाने कंबर खाल्लेला जुना स्टड तर त्याच्या निम्म्यातही जाईल.

मग त्यांनी जे सांगितलं त्यावरच पुढचं सगळं काम झालं. “नट पाच-दहा रुपयांचा. स्टड त्याहून थोडा जास्त. मॅनिफोल्डसुद्धा कुर्ल्याला भंगारात मिळेल. हेडमधले आटे कुठे मिळतात? तेव्हा नट मरू दे, स्टड वाचव. स्टड वाचत नसेल तर स्टड मरू दे, आटे वाचव. दर वेळी पाना उचलायच्या आधी विचारायचं, मी आत्ता कुणाला मारतेय?”

पहिलं काम वायर ब्रशचं. नटाच्या बाहेर आलेल्या स्टडच्या आट्यांत गंज आणि जळकं तेल भरलेलं असतं. ते साफ केल्याशिवाय वरून कितीही तेल मारा, आत जात नाही. नट काढताना तो त्याच आट्यांवरून बाहेर येणार असतो, हेही लोक विसरतात. मग तेल. निळ्या-पिवळ्या डब्यातलं डब्ल्यूडी-40 घराघरांत असतं, पण ते 1953 मध्ये अमेरिकेत सॅन डिएगोला बनलं ते पाणी हटवण्यासाठी, जाम नट सोडवण्यासाठी नव्हे. हलक्या गंजाला चालतं. अशा जुन्या दुखण्याला खास पेनिट्रेटिंग ऑइल घ्यावं, नाहीतर ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल निम्मं-निम्मं मिसळावं. हे मिश्रण वापरताना दर वेळी हलवावं लागतं, नाहीतर दोन्ही वेगळी होतात, आणि ते रंगावर सांडलं तर रंग गेला म्हणून समजा. आमच्या काकांचा विश्वास रॉकेल आणि ब्रेक ऑइलवर होता, पण रॉकेल आता मिळतंय कुठे?

संध्याकाळी ऑफिसातून आले की नट कोमट असताना तेल सोडायचं आणि लहान हातोडीने प्रत्येक नटाच्या तोंडावर आणि स्टडच्या टोकावर टकटक करायची. जोरात नाही. त्या धक्क्यांनी गंजाला बारीक तडे जातात आणि तेलाला वाट मिळते. काम कंटाळवाणं, पण सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो असं माझं मत झालंय. मॅनिफोल्ड गरम असताना मात्र तेल मारायचं नाही. ॲसिटोन तर लगेच पेट घेतं. सोसायटीच्या सेक्रेटरींना या वासाचा आणि ठोकाठोकीचा इतका त्रास झाला की ‘कॉमन पार्किंगमध्ये गॅरेज चालवू नये’ अशी नोटीस बोर्डावर लागली. गाडीचा नंबर लिहिला नव्हता, पण बॉनेट उघडी असलेली गाडी तिथे एकच होती.

नट फिरवायला सहा कोनांची गोटी, म्हणजे सॉकेट हवा. घरगुती सेटमध्ये बारा कोनांची असते, ती नटाच्या फक्त कोपऱ्यांना धरते आणि गंजलेला कोपरा सोलून काढते. इथे नट बाराचे, पण गंज खाल्लेला नट बाराचा राहत नाही. एक-दोन ठिकाणी अकराची सहा कोनी गोटी हातोडीने ठोकून बसवावी लागली, आणि ती घट्ट बसली हेच बरं झालं.

आणि आधी सोडायचं नाही, आधी किंचित आवळायचं. अगदी केसभर. गंजाची पकड मोडायला दिशा कुठलीही चालते, आणि आवळताना नट ताज्या, स्वच्छ आट्यांकडे जातो. मग थोडा सोडायचा, पुन्हा आवळायचा, तेल, पुन्हा सोडायचा. या वेळी कान आणि मनगट दोन्ही जागे पाहिजेत. ‘कुईं’ असा आवाज आला तर नट स्टडवरून फिरतोय, चांगली खूण. ‘कट’ असा कोरडा आवाज येऊन सुटला तर तेही चांगलंच. पण काहीच आवाज नाही आणि पाना रबरासारखा मऊ वाटतोय, सोडल्यावर मागे येतोय, तर नट फिरत नाही, स्टड पिळला जातोय. तिथे हात काढून घ्यायचा. हे पुस्तकात वाचून कळत नाही. काकांनी माझा हात पान्यावर ठेवून एकदा तो मऊपणा दाखवला.

मधले नट असे सुटले. काही ठिकाणी नट स्टडला घेऊनच बाहेर आला. त्यात वाईट काही नाही, फक्त बाहेर आलेल्या स्टडचे हेडकडचे आटे नीट बघायचे. तिथे चकचकीत ॲल्युमिनियमची तार गुंडाळलेली दिसली तर भोकातले आटे त्याच्यासोबत आले. एका मधल्या स्टडवर अगदी तशी तार होती. त्या भोकाचं पुढे हेलिकॉइल झालं, ते सांगते.

एक नट ढिम्म हलेना. तो आम्ही कापला. नटाच्या सपाट बाजूला, स्टडच्या आट्यांना लागणार नाही अशा बेताने, उभा काप घेतला आणि कापात छिन्नी ठेवून एक ठोका दिला. नट फाकला आणि हाताने निघाला. नट मेला, स्टड अख्खा राहिला, त्यावर दोन नट एकमेकांवर आवळून स्टडही बाहेर काढला. हिशेब जमला. वेळ लागतो म्हणून गॅरेजमध्ये हे कुणी करत नाही.

पुढच्या टोकाच्या स्टडला गॅस लागणार हे उघड होतं आणि ते सोसायटीत शक्य नव्हतं. काकांच्या ओळखीतल्या कांजूरमार्गच्या एका शेडमध्ये गाडी टो करून नेली. तिथले मेस्त्री मालवणचे. गॅसचा नोझल सगळ्यात लहान, ज्योत फक्त नटावर. इथे एक गोष्ट डोक्यात पक्की पाहिजे: पोलाद तापलं की आधी लाल होतं, ॲल्युमिनियम रंग बदलत नाही. शुद्ध ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं, हेडचं मिश्रण त्याहून खाली. म्हणजे हेडवर ज्योत रेंगाळली तर ते आहे तसं दिसतं आणि मग एकदम ओघळतं. मेस्त्रींनी नट लाल केला, ज्योत काढली आणि नट काळा पडू लागताच स्टडच्या मुळाशी मेणबत्ती टेकवली. मेण वितळून आट्यांत शोषलं जातं आणि तेल जात नाही तिथे जातं. धूर बराच होतो. पेट्रोलच्या नळ्या आधीच सोडवून तोंडं बंद केली होती; कार्ब्युरेटर इंजिनच्या दुसऱ्या बाजूला आहे म्हणून निर्धास्त राहायचं नसतं.

तरीही तो स्टड तुटला. हेडच्या तोंडाशी सपाट, बाहेर जेमतेम नखभर.

“तुटला तो तुटला. बरो तुटलो,” मेस्त्री म्हणाले. “आत नाय ना गेलो? मग नट चढवतंव.”

तुटक्या टोकावर एक नट ठेवून नटाच्या भोकातून वेल्डिंगने तो स्टडला जोडायचा, ही ती पद्धत. ऐकताना धोक्याची वाटते, पण पोलादाची रॉड ॲल्युमिनियमला चिकटत नाही, त्यामुळे भोकाच्या कडा वाचतात. मोठा फायदा पुढचाच आहे: वेल्डिंगची उष्णता थेट स्टडच्या पोटात जाते, तो फुगू बघतो, सभोवतालच्या गंजाला दाबून चुरडतो आणि निवताना आखडतो. पकड मोडते ती तिथे. बॅटरीच्या दोन्ही वायरी आणि अल्टरनेटरचा सॉकेट आधी काढायचा. अर्थचा चिमटा चेसिसला न लावता हेडजवळच्याच बोल्टला लावायचा, नाहीतर करंट बेअरिंगमधून वाट काढतो. वेल्ड केलेला नट कधी कधी निखळून हातात येतो, मग पुन्हा लावायचा. घाई करून लाल असताना फिरवला तर मऊ पोलाद पिळवटतं. हाताला चटका बसेल इतपत निवल्यावर, मेण लावून, मागे-पुढे, मागे-पुढे. शेवटी तो स्टड नटासकट इतक्या सहज फिरत बाहेर आला की आधी कशासाठी झुंजलो असं वाटावं. भोकात टॅप (आटे पाडायचं हत्यार) घालून पाहिला, आटे शाबूत.

मागच्या टोकाची गोष्ट वेगळी होती. पेस्ट खरवडल्यावर खाली स्टड नव्हताच. भोकात मध्यापासून सरकलेला काळपट ठिपका. मेस्त्रींनी कानस टेकवली, ती काचेवरून घसरावी तशी घसरली. काकांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, “हे स्टडचं पोलाद नाही. इझी-आउट मोडलंय आत. तुटका बोल्ट उलटा फिरवून काढायचं हत्यार.”

कुणीतरी आधी तुटक्या स्टडला ड्रिल मारलं होतं, फायरवॉल आडवी येत असल्याने तिरकं. पोलादाच्या टोकावरून बिट नेहमी बाजूच्या मऊ ॲल्युमिनियमकडे घसरतं, तसं ते घसरलं होतं. त्या भोकात इझी-आउट ठोकून फिरवलं, ते मोडलं, आणि वर पेस्ट लावून मॅनिफोल्ड बाकीच्या नटांवर टांगून ठेवला. बाबांनी गाडी घेतली तीच सेकंडहँड, मधे बरेच हात लागलेत, कुणाचं काम ते कळायला मार्ग नाही.

इझी-आउट या हत्याराबद्दल माझं मत स्पष्ट आहे. ते प्रत्येक हार्डवेअरच्या दुकानात मिळतं आणि गंजलेल्या स्टडसाठी ते चुकीचं आहे. आठ एमएमचा अख्खा स्टड ज्या जोराने फिरला नाही, तुटला, तो त्याच्या पोटातल्या चार-पाच एमएमच्या कडक, ठिसूळ काटक्याने कसा फिरेल? शिवाय ते निमुळतं असतं, ठोकलं की पोकळ झालेल्या स्टडला बाहेरच्या बाजूला फाकवतं आणि अजून घट्ट करतं. ज्याची पकड सैल आहे पण डोकं तुटलंय अशा बोल्टसाठी ते आहे. आणि मोडलं की ते ड्रिलच्या बिटाइतकंच कडक असल्याने ड्रिलला दाद देत नाही.

आता दोन वाटा होत्या. मेस्त्रींचं म्हणणं, कार्बाइडची बारीक बर (ग्राइंडरला लावायचं कोरणारं टोक) घेऊन जागेवरच कोरून काढू. फायरवॉल आणि हेड यांच्यामधल्या त्या बोळात, आरशात बघत, हाताने धरलेल्या ग्राइंडरने. दुसरी वाट, हेड उतरवायचं. टायमिंग बेल्ट, दोन्ही बाजूंचं पाइपिंग, हेड गॅसकेट नवं, खर्च आणि वेळ दोन्ही वाढणार. मला मेस्त्रींची वाट मोहात पाडत होती. काकांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला: हात घसरला तर मरणार कोण? आटे तर गेलेच होते. आता पणाला लागलेलं होतं ते भोकाभोवतीचं हेड, आणि त्याच्या आतल्या बाजूला पाण्याचं जॅकेट. हेड उतरवलं.

साकीनाक्याच्या औद्योगिक गाळ्यांमध्ये स्पार्क इरोजनची कामं होतात. त्यांचं रोजचं काम साच्यांचं, पण मोडके टॅप आणि इझी-आउट काढून देणं हा जोडधंदा. हेड मशीनच्या टाकीत सरळ, पातळी बघून बांधलं, वर तेल सोडलं, आणि तांब्याची बारीक पोकळ नळी इलेक्ट्रोड म्हणून वरून खाली आणली. नळी धातूला टेकत नाही. मधल्या केसभर अंतरात ठिणग्या पडत राहतात आणि प्रत्येक ठिणगी कणभर पोलाद खाते. कडक-मऊ असा भेद तिला नाही, वीज वाहून नेणारा धातू असला की झालं. पिळणं नाही, ठोकणं नाही. तेलाखाली बारीक चरचर आणि वर येणारे बुडबुडे, बराच वेळ. ऑपरेटर मधेच चहा प्यायला गेला तेव्हा मी अस्वस्थ, तो निवांत. इझी-आउटचा गाभा गेल्यावर उरलेल्या कपच्या त्याने सुईने टिपून काढल्या.

उरलं ते एका बाजूला झुकलेलं, अंडाकृती भोक. साध्या हेलिकॉइलने ते भागणार नव्हतं. हेलिकॉइल म्हणजे स्टेनलेसच्या तारेचं स्प्रिंगसारखं वेटोळं: आठ एमएमच्या आट्यांसाठी साधारण 8.3-8.4 चं ड्रिल, मग त्याचाच खास टॅप, मग वेटोळं आत फिरवून कडेच्या किंचित खाली बसवायचं आणि तळाची शेपटी मोडून बाहेर काढायची. ॲल्युमिनियमच्या मूळ आट्यांपेक्षा ते मजबूत ठरतं, आणि मघाच्या मधल्या भोकाला तेच बसवलं. पण तिरक्या भोकात 8.4 चं ड्रिल जुन्या खड्ड्याच्या मागे गेलं असतं. म्हणून मिलिंग मशीनवर शेजारच्या भोकांवरून मूळ केंद्र मोजून काढलं, तिथे मोठं भोक घेऊन बाहेरून बारा आणि आतून आठ एमएमचे आटे असलेला पोलादी बुश बसवला आणि कडेला पंचने ठोसून लॉक केला. खोली आधी मोजली होती. तरी खात्रीसाठी हेडची पाण्याची प्रेशर टेस्ट करून घेतली. गळती नव्हती. हेड उघडलंच होतं म्हणून व्हॉल्व्हचे सीलही बदलले, त्यावर अधिक काही सांगण्यासारखं नाही.

नवे स्टड आणायला नागदेवी स्ट्रीटला गेले. मस्जिद बंदरला उतरून त्या गल्लीत शिरलं की नट-बोल्ट, टॅप, बेअरिंग यांच्याशिवाय दुसरं जगच नाही. पहिल्या दुकानदाराने स्टेनलेसचे स्टड पुढे केले. “ताई, एसएस लावा, जन्मात गंजणार नाही.” गंजणार नाही हे खरं. पण स्टेनलेस नट स्टेनलेस स्टडवर घासून जागच्या जागी चिकटून बसू शकतो, साधा एसएस 8.8 पेक्षा थोडा कमजोर असतो, आणि तो साध्या पोलादापेक्षा जास्त वाढतो, म्हणजे तापल्यावर पकड सैल. मी 8.8 चेच घेतले, नट मात्र पितळी, उंच. पितळ पोलादाला गंजून चिकटत नाही. पुढच्या वेळी मरायचंच असेल तर नटाने आधी मरावं. पॅकिंग ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टच्या बाजारात मिळालं, जिप्सीचे भाग तिथे अजून मिळतात.

मॅनिफोल्डचं तोंड सरळ पट्टी आणि फीलर गेज लावून पाहिलं तर टोकांना वाकलेलं. ग्राइंडिंगला देऊन सपाट करून घेतलं, नाहीतर नवे स्टड पहिल्या दिवसापासून वाकायला लागले असते. बीडाचा मॅनिफोल्ड वर्षानुवर्षं तापून-निवून थोडा आखडतोही. टोकाची भोकं स्टडवर घासत होती. काकांनी गोल कानशीने ती आडवी किंचित लांबवली, त्याला सरकायला जागा राहावी म्हणून.

हे सगळं बसवण्याआधी मेस्त्रींनी गाडीखाली जाऊन सायलेन्सर हलवून बघितला आणि मला खाली बोलावलं. पाइपाला चेसिसवर झुलवत ठेवणारं मधलं रबर तुटून गेलेलं. 1995 पासून मुंबईत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा डबा) सक्तीचा झाला, म्हणजे या गाडीच्या पाइपाला तेही वजन आहे. रबर नसल्याने खड्ड्यागणिक ते सगळं ओझं मॅनिफोल्डच्या टोकाच्या स्टडवर येत होतं. गंज आणि उष्णता होतीच, पण स्टड नेमके याच गाडीचे इतके का गेले याचं उत्तर बहुतेक त्या तळहाताएवढ्या रबरात होतं. ते बदललं नसतं तर साकीनाका पुन्हा ठरलेला.

जोडणीत लक्षात ठेवण्याजोगं थोडंच. स्टड हेडमध्ये हाताने बसतील एवढेच फिरवले, पान्याने आवळले नाहीत. आट्यांना उष्णता सोसणारं कॉपर ग्रीस लावलं. ते लावलं की घर्षण कमी होतं आणि तोच टॉर्क जास्त खेचतो, म्हणून आकडा पाव-एक हिश्शाने खाली घेतला. आवळायला सुरुवात मधून, मग आलटून-पालटून टोकांकडे, तेही एका दमात नाही. गाडी काही वेळा तापून-निवल्यावर, पूर्ण थंड असताना, पुन्हा टॉर्क पाना लावला. बुशमधल्या स्टडचा नट जागचा हलला नाही. पुढच्या टोकाच्याने थोडी चाल दिली.

टिकटिक गेली, वास गेला, बारही गेले. पीयूसीला मात्र नेली तर कार्बन मोनॉक्साइड आधीपेक्षा जास्त दाखवायला लागली. आधी त्या फटीतून आत येणारी हवा नमुन्यात मिसळून आकडा खाली आणत होती. आता मशीनला खरा धूर दिसला. या वयाच्या गाडीला मर्यादा 3 टक्क्यांची, आम्ही तिच्या काठावर. कार्ब्युरेटरचा आयडल मिक्श्चरचा स्क्रू थोडा आत घेतला, आकडा खाली आला आणि सर्टिफिकेट मिळालं. हीट शील्ड अजून माळ्यावर आहे, तिचे दहाचे बोल्ट तुटलेत. पण ते मॅनिफोल्डच्या बीडात आहेत, हेडमध्ये नाहीत. काका म्हणाले, त्यांना घाई नाही.